नाल

दस्तगीर नालबंद आला, पण पिशवी उघडेना.
उंबऱ्यावर बसून बशीतला चहा फुंकत राहिला.
म्हणाला, ठोकायला कवा बी बोलीव,
काढायचं म्हटलं की हात जड हुतो.
आत पत्र्याच्या शेडात जोंधळी उभी होती,
पुढचे दोन्ही पाय लांब टाकून,
तापल्या तव्यावर कुणी उभी केल्यासारखी.

पाच आठवडे.
आधी पहाटे पंचगंगेच्या घाटावर न्यायचो.
गुडघ्यापर्यंत पाण्यात ती, मांडीपर्यंत मी.
डॉक्टर पाटोळे म्हणालेले, गार पाणी, सोसेल तेवढं.
धुणं आपटणाऱ्या बाया विचारायच्या, काय झालं हिला?
पाय धरलेत, एवढंच सांगायचो.
खुराच्या आत आग असते
हे अकरा वर्षं घोडी राखून मलाच नवं होतं.

नवव्या दिवशी घाटाच्या पायऱ्या तिला झेपेनात.
मग लक्ष्मीपुरीतून बर्फाची लादी,
पोत्यात गुंडाळून, सायकलच्या कॅरियरवर.
घरी पोचेपर्यंत निम्मी रस्त्यानं सांडलेली.

डब्याचं झाकण.
ते अजून कुणाला सांगितलेलं नाही.
कसबा बावड्याच्या वरातीहून रात्री दोनला आलो,
डोळे मिटत होते,
जोंधळ्याच्या डब्याचं झाकण बसलं का, पाहिलं नाही.
तिनं पाहिलं.
सुगंधाला वाटतं, वऱ्हाडातल्या कुणी तरी बुंदी चारली.
वाटू दे,
असं मी रोज सकाळी ठरवतो.

डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीला धरला.
आतलं हाड फाळासारखं खाली वळलेलं,
तळवा फाडायच्या बेतात.
मी विचारलं, किती?
ते म्हणाले, फार नाहीत.
मी पैशाचं विचारलं होतं.

परवा संध्याकाळी बोळातून वरात गेली,
घोडी दुसऱ्याची, ताशा ओळखीचा.
जोंधळीचे कान उठले.
महिनाभर दोन दिशांना पडलेले कान
टोकाला टोक लावून कमानीसारखे उभे.
शेजारचा बाजीराव ओरडला, बघा, बरी झाली!
तिनं उजवा पाय उचलला.
तालावर, छातीपर्यंत, मी शिकवला तसा.
सगळा भार डाव्यावर आला
आणि तिच्यातून जो आवाज निघाला
तो मी घोड्याचा कधी ऐकला नव्हता.
तरी पुन्हा उचलला.
पुन्हा.
ताशा कोपऱ्यावरून वळेपर्यंत.

थांबायची खूण एकच होती आमच्यात,
लगामाला दोन हलके झटके.
लगाम पाच आठवडे खुंटीवर.
रात्री मी डॉक्टरांना फोन लावला.

अकराला ते आले.
सुगंधानं गुळाचा खडा पुढं केला,
जोंधळीनं ओठानं नुसता चाचपला, घेतला नाही.
मी खुंटीवरचा लगाम काढला, चढवला.
दस्तगीर म्हणाला, आता कशाला?
सुई गेली तेव्हा दोन झटके दिले.
हलके.
बास, बाई. बास झालं.
ती आधी मागच्या पायांवर बसली,
मग हळूच कुशीवर,
उन्हाळ्यात भिंतीच्या सावलीला पडायची तशी.

मग दस्तगीरनं पिशवी उघडली.
पुढचे नाल पहिल्याच आठवड्यात निघालेले,
मागचे दोन राहिले होते.
एकेक खिळा वाकडा होऊन फरशीवर पडला
आणि प्रत्येक वेळी मी तिच्या कानाकडं पाहिलं.

कोपऱ्यावरचा भांडीवाला डोकावून गेला.
दुकानाच्या चौकटीला नाल हवा होता त्याला.
मग म्हणाला, काळ्या घोड्याचा असता तर नेला असता.
टेम्पो चारला येणार होता, वडणग्याला,
मेव्हण्याच्या बांधावर खड्डा खणून तयार होता,
मिठाची पोती मोजून झाली होती.

मी नाल हातात घेऊन बसलो.
आतल्या बाजूनं झिजून पत्र्याएवढा पातळ.
सुगंधा शेड झाडायला आली.
कोपऱ्यातल्या डब्यापाशी थांबली.
झाकण उचललं, परत ठेवलं,
वरून दोन्ही तळव्यांनी दाबलं,
घट्ट बसेपर्यंत.
माझ्याकडं बघितलं नाही.