तीन मिनिटं

नव्या घराची खिडकी इथं आधी मार खाते
आणि मग भिंतीत बसते.
तसा नियम आहे इंग्लंडात.
जमिनीवरून हात पोचेल अशी प्रत्येक खिडकी,
आणि गॅरेजच्या सपाट छतावरून पाय पोचेल अशीही.
मला हे पाठ आहे, कारण श्रॉपशरमधल्या या सुतारखान्यात
कागद माझ्याकडे असतात
आणि लाकूड एमरिस प्रॉबर्टकडे.

एमरिस कागद वाचत नाही.
ओकच्या फळीवरून अंगठा फिरवतो,
गाठ कुठं दडलीय ते अंगठ्याला कळतं.
"कुसू नीट बसलं," म्हणतो, "की शंभर वर्षं बघायला नको."
शंभर वर्षांचं कुणी विचारत नाही रे, मी म्हणते,
तीन मिनिटांचं विचारतात.

मंगळवारी टेलफर्डला गेलो,
खिडकी घोंगडीत गुंडाळून, व्हॅनमध्ये आडवी.
हिलरी मॅटॉक, पन्नाशीची, चष्मा दोरीला टांगलेला,
हातमोजे चढवता चढवता आम्हाला चहा विचारला.
मग टेबलावर मांडलं एकेक:
स्क्रूड्रायव्हर, लाकडी पाचरी, रंग खरवडायची पातळ पट्टी,
दातांच्या डॉक्टरसारखं.
कुणीतरी घड्याळाचं बटण दाबलं.

ओक हलला नाही.
कुसू हललं नाही.
बिजागऱ्या करकरल्या, पण धरून राहिल्या.
मग तिनं पट्टी खालच्या कोपऱ्यात सरकवली,
चौकटीला मुठीचा एक ठोसा, तोही हलकाच,
आणि कडी उठली,
कुणी नावानं हाक मारावी तशी.
एक मिनिट चाळीस सेकंद.
हिलरीनं "सॉरी" म्हटलं. तिला खरंच वाईट वाटलं असावं.

परतताना बराच वेळ तो बोलला नाही.
व्हॅनचे वायपर चालू होते, पाऊस नसताना.
मी ते बंद केले तेव्हा म्हणाला,
"ग्लिनला एवढाही वेळ लागायचा नाही."

ग्लिन, त्याचा मुलगा. सतरा वर्षांचा होता तेव्हाचं सांगत होता.
रात्री दोनला, लोण्याची सुरी घेऊन,
स्वयंपाकघराच्या खिडकीचा तोच कोपरा, तोच ठोसा.
मग सिंकमध्ये एक पाय, भांडी वाजू नयेत म्हणून श्वास रोखून,
आणि वर अंथरुणात बाप जागा, आकडे मोजत.
चोराच्या वाटा चोराला ठाऊक, म्हणतात.
इथं त्या बापाला ठाऊक होत्या.

"मग कडी बदलली का नाहीस?"
"बदलणार होतो," म्हणाला.
लडलोच्या पुलाशी सिग्नल लाल होता.
"मग तो गेलाच."

महिनाभर त्यानं ती खिडकी पुन्हा केली.
खाच चार मिलिमीटर खोल,
एका कडीच्या जागी आकड्यांचे दोन अडसर,
काचेच्या दोन पदरांमध्ये चिकट पडदा,
फुटली तरी पडू नये म्हणून.
आणि वरच्या मजल्यावरच्या खिडक्या आतून किल्लीशिवाय उघडाव्यात,
आग लागली तर माणसाला निघता यावं म्हणून.
हे वाचून दाखवलं तेव्हा तो हसला.
"म्हणजे जाणाऱ्याला अडवायचं नाही."
मी म्हटलं, हो, तसंच लिहिलंय.

हिलरीनं पूर्ण तीन मिनिटं घेतली.
कपाळावर घाम, एक पाचर तिच्याच हातात मोडली.
खिडकी उभी होती तशी उभी.
तिनं त्याचा हात हातात घेऊन जोरात हलवला,
आणि एमरिस काचेत बघत राहिला, स्वतःकडे की पलीकडे, कोण जाणे.

बावीस खिडक्या काल ट्रकवर चढल्या,
क्रेव्हन आर्म्सबाहेरच्या नव्या घरांसाठी,
जिथं अजून कुणी राहायला आलेलं नाही.
मी फॉर्म भरला, त्यानं सही केली,
पेन्सिल कानामागे खोचली आणि दारातून परत वळला.
"आणि माझ्या घराला?"
नियम फक्त नव्या घरांना, मी वाचून सांगितलं.
जुन्या घरांना लागू नाही.
"पुन्हा वाच."
पुन्हा वाचलं.
मग त्यानं कागद मागून घेतला, इतक्या वर्षांत पहिल्यांदा,
आणि मी बोट ठेवलं होतं त्या ओळीवरून
सावकाश
अंगठा फिरवला.