पत्रकाचं प्रूफ

दौलतगंजातला छापखानेवाला म्हणतो,
ताई, दहा मुद्दे तरी हवेत,
नाहीतर पान उघडं दिसतं.
समोरच्या उमेदवाराचे एकवीस आहेत, चार रंगांत,
त्यात एक कारंजंही आहे.

मी, कुमुदिनी बळवंत ठोंबरे,
वॉर्ड महिला राखीव झाला म्हणून उभी नाही.
बरं, त्याचमुळे आहे. खोटं कशाला.
चिन्ह मागितलं बादली, मिळाला पंखा.
कोपऱ्यावरचा पानवाला ह्यांना आत्तापासूनच
'पार्षदपती' म्हणून हाक मारतो,
आणि हे, तेहतीस वर्षं नगर निगमात
व्हॉल्व्ह फिरवलेला माणूस,
मान खाली घालून जास्तीचा चुना मागतात.

ह्यांच्याकडे लोखंडी चावी असायची, खांद्याएवढी उंच.
गोठीतला व्हॉल्व्ह अडीच चक्कर,
छत्री बाजाराचा चार, आणि वर एक टिचकी,
शाळेमागचा गंजका,
शिवी दिल्याशिवाय हलत नाही.
हे कुठल्याच नकाशात नाही.
मी लिहून घेतलंय, दुधाच्या हिशेबाच्या वहीत,
मागच्या पानापासून पुढे.

तर मुद्दा पहिला:
ही वही निगमच्या कपाटात जावी
आणि कपाटाची किल्ली
कुणा एकाच्या खिशात नसावी.

दुसरा लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला:
पाणी कमी द्या, पण वेळ सांगा.
तिघऱ्याच्या धरणात उन्हाळ्यात काय उरतं,
ते मला चुलीशी बसून कळतं.
एक दिवसाआड, तर एक दिवसाआड.
पण पहाटे तीनला की पाचला,
ह्यावर अख्ख्या गल्लीतल्या बायकांची झोप टांगलेली.
रझिया शिवणयंत्रावर डोकं टेकते,
एक कान तोटीकडे ठेवून.
शितोळ्यांची सून दवाखान्यात, कळा सुरू,
मधेच डोकं उचलून विचारते,
आलं का?
नर्स म्हणाली, अजून नाही, जोर लाव.
ती बिचारी घरच्या नळाचं विचारत होती.

तिसरा मुद्दा लहान आहे.
पुलापाशी गटाराला झाकण नाही.
दोन वर्षं तिथे बाभळीची फांदी उभी,
तिला लाल चिंधी.
चिंधी दोनदा बदलली. मीच बदलली.
तिसऱ्यांदा बदलायची माझी इच्छा नाही.

बस, एवढंच? छापखानेवाला चष्मा वर करतो.
विकास कुठाय?
म्हटलं, टाइप मोठा लाव.

काल जनकगंजात कोपरासभा होती,
चौदा खुर्च्या, नऊ माणसं, एक गाय.
मागून एक पोरगं ओरडलं,
पंखा म्हणजे काय, नुसती हवा!
सगळे हसले. मीही हसले, चांगलं बोलला होता.
मग म्हणाले, बाळा,
तुझ्या घरी पाणी कोण भरतं?
तो गप्प.
त्याची आई पहिल्या रांगेत होती, तिनंच सांगितलं:
आधी तोटी खोकते,
मग फुसफुस, फुसफुस हवा,
आणि त्या आवाजाला आम्ही हंडे उचलतो.

ह्यावर टाळ्या पडल्या. मला त्या नको होत्या.
कारण कितीदा तरी नुसती हवाच येते,
हंडे लावलेले असतात, उजाडतं,
आणि हे घरी येऊन सांगतात,
वरूनच बंद केलंय, मी काय करू.
तेव्हा मी ह्यांना काय काय बोललेय
ते पत्रकात छापण्यासारखं नाही.

रात्री प्रूफ तपासलं.
हिंदी बाजू ठीक आहे.
मराठी बाजूला, जी आता साठेक घरंच वाचणार,
'वेळ'चा 'वेल' झालाय.
पाणी कमी द्या, पण वेल सांगा.

तेवढं दुरुस्त करा, भाऊ.
बाकीचं पान राहू द्या उघडं.