कापणीपुरतं

राजधानीतून रेडिओ सांगतो:
बंदुकीशी बोलणी नाहीत.
चांगलं वाक्य आहे. स्वच्छ, इस्त्रीचं.
नायजर नदीच्या कालव्यापर्यंत पोचेस्तोवर
आमची बॅटरी संपत येते.

सात महिने कोलोदुगूच्या चारी वाटा बंद होत्या.
मीठ संपलं, मग साबण,
मग खोकल्याचं औषध,
मग खोकणारी.
पलीकडे भात पिकून आडवा पडत होता
आणि जो कापायला गेला
तो विळ्यासकट तिथेच राहिला.
त्यातला एक माझा. झुमाना. डावखुरा.
त्याचा विळा दुसऱ्या कुणाच्या हातात बसत नाही.

सैन्य एकदा आलं, हेलिकॉप्टरनं.
चाळीस पोती टाकली, फोटो काढले,
धूळ बसायच्या आत गेलं.

मग म्हातारे उठले.
न्गोलो दियारा पुढे, चपला हातात घेऊन,
जसं कुणी मयताच्या घरी जातं.
दोनदा हात हलवत परतले.
तिसऱ्या खेपेला ते लोकच आले, आमच्या गोरखचिंचेखाली.

पाण्याचा डेरा मीच नेला. कुणी सांगितलं नव्हतं.
नऊजण, तोंडांवर फडकी.
पण पाणी प्यायचं तर फडकं खाली घ्यावंच लागतं.
शेवटचा होता अलू, हम्मादूनचा.
पोर होता तेव्हा दारी दूध घालायचा,
मापावर एक धार जास्त.
"ही झुमानाची," म्हणायचा.
पुढे त्याच्या बापाला
आमच्याच शिकाऱ्यांनी बाजारच्या दिवशी नेलं.
तेव्हा मी काही विचारलं नव्हतं.
त्या दिवशीही नाही.
त्यानं वाडगं रिकामं केलं, उपडं ठेवलं.
माझ्याकडे पाहिलं नाही. किंवा पाहिलं असेल.
रात्री मी विचारते,
आणि तो पाणीच पीत राहतो.

ठरलं ते असं:
बायका डोकं झाकतील.
शिकाऱ्यांच्या बंदुका घरात.
शाळेला कुलूप. लग्नात ढोल नाही.
दहा पोत्यांत एक त्यांचं.
आणि आम्ही कालवा ओलांडायचा, कापणीपुरतं.
"कापणीनंतर?" न्गोलोनं विचारलं.
त्यांचा म्होरक्या हसला, अगदी जावयासारखा:
"बाबा, पुढची कापणी येतेच की."

तिएमोको मास्तर सकाळी सायकलला पुस्तकं बांधून निघाला.
"नान्तेनिन, तुम्ही माझी शाळा विकलीत."
"हो," मी म्हटलं, "भाव आला नाही."
सायकल वळेपर्यंत मी उभी होते.
त्याचं चुकलं होतं असं मला अजून म्हणता येत नाही.

महिन्याभरात कळलं,
एका परदेशी इंजिनिअरसाठी
सरकारनं रात्रीतून कैदी सोडले, पेट्या पोचवल्या,
आणि सकाळी रेडिओ पुन्हा तेच वाक्य.
ताकाला जाऊन भांडं लपवावं, तर असं.
आमचं भांडं निदान
भर उन्हात, सगळ्यांसमोर होतं.

एक तरुण बातमीदार फोनवर विचारतो:
मावशी, बोलावं का अशांशी?
बाळा, तू जेवलास का?
मग तुला वेळ आहे, तू विचार कर.
मला आज मळणी आहे.

नऊ पोती आमची. दहावं त्यांचं.
ते भरताना हात आखडत नाही मी.
माप तेच.
मापावर मूठ मात्र
नाही.