ना-देय

निकालाच्या चौथ्या दिवशी येसो माजिक आले
पर्वरीचा चढ पायी चढून.
गाडीच्या काचेवरचा सदस्याचा स्टिकर त्यांनी
आदल्या रात्रीच कढत पाण्याने सोलून काढला होता.
पाकिटात घालून आणला, अर्धा फाटलेला.
‘बाय, हो चलतलो मूं?’

स्टिकर जमा करून घेण्याची तरतूद नाही.
मी घेतला.

टेबलावर अकरा रकान्यांचा फॉर्म.
लॅपटॉप, चार्जर, ओळखपत्र, बिल्ला,
दूरध्वनीचे अखेरचे देयक,
स्वीय सहायकाचा पगार कोणत्या तारखेपासून बंद,
ग्रंथालय.
रकान्यागणिक वेगळ्या शाखेची सही,
आणि शाखा तीन मजल्यांवर पांगलेल्या.
म्हटले, बसा, मी फिरवून आणते.
नको म्हणाले. पाच वर्षे तुम्हीच फिरवलंत,
आज जिने मला मोजू द्या.

पहिल्या वर्षी त्यांचे प्रवासभत्त्याचे बिल
मी तीनदा परत पाठवले होते.
घर ते विधानसभा एकेचाळीस किलोमीटर, असे आमचे दप्तर सांगते.
ते लिहीत अडतीस.
चौथ्यांदा स्वतःच आले. म्हणाले, मधले तीन फेरीबोटीचे.
बोट सरकारची, डिझेल सरकारचे,
एकाच नदीचे दोनदा कसे घेऊ?
नियमात नदी नव्हती.
मी टिपण लिहून वर पाठवले.
ते अजून वरच आहे.

त्यांचे प्रश्न मी टाइप करून देत असे.
ते माझे काम नव्हे,
पण सहायक म्हणजे मेव्हण्याचा मुलगा,
आणि त्याचे जोडाक्षर कधी जुळत नसे.
ते खुर्चीच्या टोकावर बसून सांगायचे:
वाड्यावर नळ आला, पाणी येते पहाटे तीनला,
बायकांनी निजायचे केव्हा,
हे कुठल्या खात्याला विचारू?
मी लिहिले:
पाणीपुरवठ्याच्या वेळापत्रकाबाबत मंत्रिमहोदय
पुढील बाबींचा खुलासा करतील काय,
(अ), (आ), (इ).
त्यांनी कागद दोनदा वाचला.
बाय, ह्यात नीज खंय आसा?

सोडतीत अठरावा क्रमांक निघाला.
त्या दिवशीचा प्रश्नतास सातव्यावर संपला.
उत्तर पटलावर ठेवले गेले:
माहिती गोळा करण्यात येत आहे.

दुपारी अडीचला ते फॉर्म घेऊन परत आले,
दहा सह्या, एक रकाना रिकामा.
ग्रंथालयाचे एक पुस्तक घरी राहिले होते,
कामकाजाच्या नियमांचे, निळ्या पुठ्ठ्याचे,
शपथेच्या दिवशी आम्हीच दिलेले.
उद्या आणतो म्हणाले. म्हटले, कोणाकडे तरी पाठवा.
दुसऱ्या दिवशी स्वतःच आले, दोन बसा बदलून,
पुस्तक गणेशोत्सवाच्या जुन्या अंकात गुंडाळलेले.
मग पेन्शनचा अर्ज भरला, फोटो चिकटवला,
डिंकाचे बोट रुमालाला पुसले,
आणि शिपाई रोझारियोने सवयीने दार उघडले
तेव्हा दोघेही जरा ओशाळले.

पुस्तक परत घेताना पाने तपासावी लागतात.
आमसुलाचा एक डाग, पान एकशे चार.
कोपरे दुमडलेले नाहीत.
हरकतीच्या मुद्द्याच्या नियमाशी
समासात पेन्सिलीने, शाळकरी अक्षरात:
इथे उभे राहायचे होते.
चार पानांपुढे, पुरवणी प्रश्नांपाशी:
इथेही.
अखेरीस, सदस्याने सभागृहात कसे बसावे त्या नियमाखाली
फक्त एक रेघ, दोनदा ओढलेली.

खुणा केलेल्या प्रतीला पानामागे पाच रुपये दंड आहे.
खोडरबर ड्रॉवरमध्ये आहे.

सोमवारी नवे सदस्य येतील,
त्याच मतदारसंघाचे, वय एकतीस,
त्यांच्यासाठी पिशव्या भरायच्या आहेत:
डायरी, पेन, बिल्ला, नियमांची एक प्रत.
नव्या प्रती छापखान्यातून आल्या आहेत, अजून शाईचा वास.
मी त्यांच्या पिशवीत निळी घातली.
आवक वहीत अकरावा रकाना भरला,
शेरा लिहिला:
प्रत वापरण्यास योग्य.