दोन हात

अजमानच्या खाडीकाठी होडी पालथी,
जर्मलच्या परातीसारखी.
अबू सुलतान म्हणतो, लालच द्या, तांब्याचा रंग.
बापाच्या लाकडी होडीला तोच होता,
कालवं जवळ फिरकत नसत.

रझाक परकार नखानं तळ वाजवतो.
हे लाकूड नाही, बाबा. अ‍ॅल्युमिनियम.
खाऱ्या पाण्यात तांबं हिला खातं,
दोन वर्षांत चाळण.

मग काय?
आधी प्रायमर, दोन हात.
वर बिनतांब्याचा. महाग आहे.
कालवं लागतीलच थोडी. ती खरवडता येतात.

म्हातारा डबा फिरवून फिरवून वाचतो,
चष्म्याशिवाय.
बरं, म्हणतो.

रझाक पॉलिश पेपर उचलतो. थांबतो.
सांधेदुखीवर दाभोळहून आणलेलं
तांब्याचं कडं मनगटातून ओढून काढतो,
माझ्या खिशात टाकतो.