एक म्हणजे काहीच नाही

पंधरा दिवस मी मैद्याला दोष दिला,
मग सोड्याला, मग स्वतःच्या हाताला.
दोनशे वीस, दोनशे चाळीस,
बटण पुढे ढकलत राहिले,
तरी नानकटाई वरून पांढरीफटक
आणि बुडाशी करपलेली.
दिवा लागत होता. पंखा फिरत होता.
म्हणजे सगळं ठीक, असं मी धरून चालले.

वडगावहून भरमाण्णा आला.
देवळात शिरताना चप्पल काढावी
तसा त्यानं आधी प्लग काढला,
पाठीचे बारा स्क्रू
कुंद्याच्या रिकाम्या डब्यात टाकले,
मीटरच्या दोन काड्या वायरींना टेकवल्या.
खालची कॉइल : बावन्न.
वरची : एक.

"एक म्हणजे थोडं तरी आहे की?"
"न्हाई ओ अक्का. ह्या मीटरात
एक म्हणजे कायबी न्हाई. वाट तुटल्या."

मग काड्या आणखी आत सरकवल्या,
थेट कॉइलच्या दांड्यांवर.
बावन्न.
"जित्ती हाय की ही! इल्ली नोड्री..."
बोलता बोलता तो कन्नडात गेला,
मीही गेले त्याच्या मागोमाग :
नखाएवढी पितळेची टोपी,
जळून काळी,
वायरीला नुसती टेकलेली.

नवी दाबून बसवली. दीडशे रुपये.
चहाला थांबला नाही,
शहापुरात कुणाचा तरी फ्रिज खोळंबला होता.

संध्याकाळी रिकामाच ओव्हन लावला
आणि काचेसमोर उकिडवी बसले,
वरची नळी लाल होईतो.

जुनी टोपी चमच्यांच्या खणात आहे.
टाकायची राहून गेलीय, असं म्हणते मी.