तुलि, तूलि

ताम्पेरे, फेब्रुवारी. तळघरात सोळा कार्डं
कोंडाळं करून बसलेली.
प्रत्येकाच्या पुढ्यात बेरजेचा एक तुकडा;
आपला वाटा घालायचा आणि
रक्कम शेजाऱ्याच्या हाती द्यायची.
पूर्ण शब्द कुणालाच ठाऊक नाही.
एकट्याने केलं तर रात्र सरेल.
सोळांनी मिळून, श्वास घ्यायच्या आत.

माइकसमोर ओर्वोक्की सारिक्को,
टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त,
एकतीस वर्षं दुसऱ्यांचे आवाज जोडून देण्यात गेली.
"तूलि," ती म्हणते. म्हणजे वारा.
पडद्यावर उमटतं तुलि. म्हणजे आग.

"तूऽलि."
आग.

तिच्या भाषेत एवढंच अंतर
वाऱ्यात आणि आगीत:
दहा मिलिसेकंदांचे सात-आठ तुकडे जास्त.
आपण ज्या ऱ्हस्व-दीर्घाचा अर्धा मार्क कापतो
त्यावर तिथे घर जळतं.

ताइस्तो हिएताला दोन दिवस प्रोग्राम वाचत होता.
आज कागद ठेवले खाली
आणि कपाळाला हात लावून बघतात तसं
एकेका कार्डाला बोट लावत गेला.
पहिलं गरम. दुसरं गरम. पाचव्याने चटका दिला.
अकरावं गार.
ताप नव्हता तेच आजारी होतं:
आलेलं तसंच पुढे सरकवत होतं,
स्वतःचं काहीच न घालता.

कथलाचा डाग सुटला होता, मोहरीएवढा.
त्याने तो पुन्हा दिला. धुराचा एक धागा.

"तूलि." वारा.
"तुलि." आग.
"तुल्लि." जकात.
इथे ती जराशी हसली. तोर्नियोच्या नाक्यावरून
लग्नाआधी कोटाच्या अस्तरात कॉफी आणलेली,
ते काही तिने सांगितलं नाही.

मग थर्मासचं झाकण फिरवत ती गप्प.
सोळांना गार ठेवणारे पंखे तेवढे घुमत राहिले.

पडद्यावर, कुणी न बोलता:
वारा.
वारा.
पुन्हा वारा.

ताइस्तोने चुकांची वही ओढली.
"राहू दे," ओर्वोक्की म्हणाली,
"रिकाम्या लाइनवर आम्हालाही हेच ऐकू यायचं."

त्याने वेळ लिहिली, चार वाजून बारा.
पुढचा रकाना
बराच वेळ पेन धरून, कोराच.